रामनवरात्रातल्या एका वायरीचं प्रकरण

इंदूरला रामबागेत माझ्या मामांचा वाडा आहे. आत चौकात लहानसं राममंदिर, आणि गुढीपाडव्यापासून रामनवमीपर्यंत रोज संध्याकाळी तिथे नारदीय कीर्तन. मामा गेल्यावर मामी आणि मामेभाऊ हा उत्सव सांभाळतात. या खेपेला मामेभावाच्या मुलीने, म्हणजे माझ्या पुतणीने, ठरवलं की नऊही कीर्तनं नीट रेकॉर्ड करायची. बुवा सत्तरीच्या पुढचे. त्यांच्या साक्या-दिंड्यांच्या चाली आता सहसा कानावर पडत नाहीत, आणि घरातली निम्मी मंडळी पुण्याला, उरलेली परदेशात. फोनवर टिपलेलं मागच्या वर्षीचं कीर्तन होतं, पण त्यात बुवांपेक्षा छताचा पंखाच जास्त रंगला होता.

मी तीसेक वर्षं ॲम्प्लिफायर दुरुस्त करतो, त्यामुळे हे काम फिरून फिरून माझ्याकडे आलं. आणि यातला सगळ्यांत महागडा घोळ माझ्याच सोल्डरिंगमुळे झाला, म्हणून तो सविस्तर लिहितो आहे.

सामान असं होतं. साउंडवाल्याचे दोन माइक: बुवांसमोर स्टँडवर एक सडपातळ कंडेन्सर, म्हणजे बाहेरून वीज लागणारा, आणि पेटी-तबल्यासाठी एक डायनॅमिक, म्हणजे तारेच्या वेटोळ्यावर विजेशिवाय चालणारा. दोन्ही तीन पिनांच्या एक्सएलआर वायरींनी त्याच्या आठ चॅनेलच्या मिक्सरला जोडलेले. शिवाय वाड्याच्या माळ्यावर मामांच्या वेळचा एक डायनॅमिक माइक, त्याची वायर एक्सएलआर ते जाड मोनो पिन, जुन्या ॲम्प्लिफायरला लागायची तशी. पुतणीकडे तिचा फोन, आणि मैत्रिणीकडून मागून आणलेला हातात मावणारा रेकॉर्डर. त्याला बाहेरच्या आवाजासाठी ३.५ मिमीचं एकच भोक. मेनूत जाऊन ते माइकसाठी आहे की लाइनसाठी, म्हणजे दुसऱ्या यंत्रातून येणाऱ्या तयार, मोठ्या आवाजासाठी, हे ठरवायचं.

स्टेजचे माइक आणि हे भोक म्हणजे दोन निराळ्या घरांतले लोक. स्टेजच्या माइकमध्ये पिन १ ही जाळी, म्हणजे ग्राउंड. पिन २ वर आवाज सुलटा आणि पिन ३ वर तोच आवाज उलटा. मिक्सर दोघांतला फरक तेवढा घेतो, वाटेत दोन्ही तारांवर सारखीच शिरलेली घरघर आपोआप कटते. डायनॅमिक माइकमधून जेमतेम दोन मिलिव्होल्ट निघतात, तेही कोणी तोंडाजवळ धरून गायलं तर. कंडेन्सर त्याच्या पाच-दहा पट देतो, पण त्याला मिक्सरकडून ४८ व्होल्ट लागतात, ज्याला फँटम पॉवर म्हणतात.

रेकॉर्डरच्या किंवा फोनच्या भोकात उलट-सुलट जोडी वगैरे काही नसतं. एक तार आवाजाची, एक ग्राउंडची. स्टीरिओ असेल तर डावी, उजवी आणि ग्राउंड. आणि हे भोक नुसतं ऐकत नाही, ते वीजही देतं. कॉलरला लावायच्या छोट्या माइकांना लागते म्हणून दोन-तीन व्होल्ट त्याच तारेवरून बाहेर येत असतात. मी दुकानात येणाऱ्या पोरांना हे सांगतो तेव्हा ते मान डोलावतात आणि पुढच्या महिन्यात जळकं काहीतरी घेऊन येतात.

पाडव्याच्या रात्री मी पन्हं पीत मागे बसलो होतो. पुतणीने मामांच्या माइकच्या जाड पिनेला बारीक करणारा ॲडॉप्टर लावला, त्यापुढे हेडफोन आणि माइक वेगळे करणारी छोटी शेपटी, आणि ती फोनला. ही सगळी माळ आधी फोनला लावून झाली, माइक शेवटी खोचला. बुवांनी ‘जय जय रामकृष्ण हरी’चा गजर सुरू केला आणि इकडे फोनच्या पडद्यावर ‘बोला, काय मदत करू’ म्हणणारा मदतनीस उघडून बसला. बंद केला, पुन्हा आला. रेकॉर्डिंग अर्थातच थांबलेलं.

मामी म्हणाल्या, “त्यालाही कीर्तन ऐकायचं असेल.”

यात चमत्कार नाही. ॲन्ड्रॉइड फोन हेडफोनची बटणं ओळखतो ती माइकच्या तारेवरच्या रोधावरून. साधारण १३५ ओहम दिसले की मदतनीस, २४० ला आवाज वाढव, ४७० ला कमी कर, आणि जवळजवळ शून्य दिसले की चालू-बंद. खरा हेडफोन-माइक १,००० ओहमच्या वर असतो. आमच्या मोनो वायरीमुळे माइकचं वेटोळं थेट त्या तारेवर आणि ग्राउंडवर बसलं होतं, आणि डायनॅमिक माइकचं वेटोळं म्हणजे दीड-दोनशे ओहमचा मामला. फोनच्या दृष्टीने कोणीतरी बटण दाबून धरलं होतं, दीड तास. नुकसान काही झालं नाही. मात्र त्या वेटोळ्यातून फोनची वीज तेवढा वेळ वाहत राहिली, आणि तेही मला फारसं आवडलेलं नाही.

द्वितीयेला रेकॉर्डर हाती आला. पुतणी जेल रोडवरून नवी वायरही घेऊन आली: एका टोकाला एक्सएलआर, दुसऱ्याला ३.५ मिमीची स्टीरिओ पिन. पाकिटावर नुसतं ‘माइक केबल’ लिहिलेलं. मामांचा माइक बुवांच्या स्टँडलाच कंडेन्सरच्या खाली सुतळीने बांधला. हेडफोन लावून पाहिला तर बुवा स्वच्छ ऐकू येत होते, रेकॉर्डरच्या दोन्ही पट्ट्या झकास नाचत होत्या. मीही ऐकलं. काहीतरी विचित्र वाटलं होतं, आवाज समोरून न येता कानांच्या बाहेरून आल्यासारखा. पण तेवढ्यात आरती सुरू झाली आणि मी हेडफोन काढून उठलो. तिथेच लक्ष द्यायला हवं होतं.

रात्री फाइल घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गेली. सकाळी ग्रुपमध्ये दोन तट पडले होते. पुण्याच्या आत्या म्हणत होत्या, “अगं, फाइल रिकामी आहे, लांबून कुणी कुजबुजतंय इतकंच.” सिंगापूरचा भाचा म्हणत होता, “अप्रतिम, बुवा काय गायलेत!” दुपारपर्यंत आणखी तिघांना ऐकू आलं, चौघांना नाही. मामींनी निकाल दिला की पुण्याचे फोनच तसले. माझी पुतणी मात्र हुशार. तिने एकेकाला विचारलं, कशावर ऐकलं? ज्यांनी हेडफोन लावले होते त्यांना ऐकू आलं होतं. ज्यांनी फोन टेबलावर ठेवून त्याच्या एकुलत्या स्पीकरवर लावलं होतं त्यांच्यासाठी बुवा गायब.

तेव्हा मला आदल्या रात्रीचं ते ‘कानांच्या बाहेरून’ आठवलं. लॅपटॉपवर फाइल उघडली आणि आवाजाची रेघ मोठी करत गेलो. वरची पट्टी डाव्या कानाची, खालची उजव्याची. ‘राम’मधला ‘रा’ जिथे वरच्या पट्टीत डोंगरासारखा उठला होता तिथेच खालच्या पट्टीत तेवढीच खोल दरी. अगदी सुरसागरात वाड्याचं प्रतिबिंब पडावं तसं. हो, सुरसागर बडोद्याचा, पण आमच्या मामी बडोद्याच्या, त्यांना तशीच उपमा कळते. “ही वर आहे तेवढीच ती खाली आहे,” मी दाखवलं, “दोघींची बेरीज करा.” मामींनी बोटाने रेघ धरून बेरीज केली आणि म्हणाल्या, “शून्य.”

फोनचा एकटा स्पीकर हीच बेरीज करतो. नव्या वायरीत पिन २ डाव्या चॅनेलला गेली होती आणि पिन ३ उजव्याला. म्हणजे डाव्या कानात सुलटा बुवा, उजव्यात उलटा. हेडफोनवर दोन कान वेगवेगळे, म्हणून ऐकू येतं. एकत्र केले की एकमेकांना खाऊन टाकतात. आत्यांना जी कुजबुज ऐकू आली ती दोन चॅनेलमधल्या किंचित फरकातून उरलेली.

दुकानदाराला शिव्या देण्यात अर्थ नाही, कारण ती वायर चुकीची नव्हतीच. काही उपकरणांची ३.५ मिमीची पिन खरोखरच उलट-सुलट जोडी देते-घेते आणि तिथे हीच वायर लागते. स्टीरिओ रेकॉर्डरच्या भोकात ती लावली की मात्र हा घात. दिसायला दोन्हीकडे तेच भोक, तीच पिन, तोच चकचकीत मुलामा.

रेकॉर्डिंग वाचलं. ऑडॅसिटी हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर आहे. त्यात स्टीरिओ फाइल दोन ट्रॅकमध्ये फोडायची, उजवा निवडून ‘इन्व्हर्ट’ करायचा आणि मग दोन्ही मिळून मोनो. दोन मिनिटांचं काम. वर फायदा असा की बुवांचा आवाज दुप्पट होतो, पण रेकॉर्डरची दोन चॅनेलमधली सळसळ एकमेकांशी न जुळणारी असल्याने ती तेवढी वाढत नाही. तीनेक डेसिबल फुकटात मिळतात. आत्यांना दुपारी नवी फाइल गेली. त्यांनी ती दोनदा ऐकली आणि बुवांचा एक शब्द चुकल्याचं कळवलं.

तृतीयेला दुपारी मी वायरीची बारीक पिन खोलली आणि नवे टाके दिले. पिन २ ची तार डाव्या-उजव्या दोन्हींना, पिन १ आणि ३ एकत्र करून ग्राउंडला. आता दोन्ही कानांत एकच सुलटा आवाज. एक गोष्ट लक्षात ठेवून केली. आधीच्या जोडणीत माइकचं वेटोळं डाव्या-उजव्या तारांच्या मध्ये होतं, दोन्हींवर सारखाच व्होल्टेज, त्यामुळे वेटोळ्यातून काही वाहत नव्हतं. चुकीच्या वायरीची तेवढी पुण्याई. नव्या जोडणीत वेटोळ्याचं एक टोक ग्राउंडला, म्हणजे रेकॉर्डरची वीज आता त्यातूनच जाणार. मीटरवर २.६ व्होल्ट दिसत होते. आतले रोध साधारण दोन-सव्वादोन किलोओहमचे धरले तर दीड-दोन मिलिॲम्पिअर झाले. माइक जळत नाही एवढ्याने, पण आवाज झेलणारा त्याचा पडदा एका बाजूला ओढलेला राहतो. मेनूत ‘प्लग-इन पॉवर’ नावाचा पर्याय सापडला, तो बंद केला, मीटर शून्यावर आला. ज्या रेकॉर्डरला हा पर्याय नसतो तिथे पिन २ च्या वाटेत १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर घालायचा. आवाज जातो, वीज अडते.

तृतीया आणि चतुर्थी निर्विघ्न. मी खूश होतो. वायर तशीच वाड्यात ठेवून पंचमीला देवासला एका मुंजीला गेलो.

पुढचं मला ऐकून माहीत आहे. बुवांना कंडेन्सरचा आवाज गोड लागतो, मामांच्या माइकमध्ये तो जरा बसका येतो, हे पुतणीला कळलं होतं. कान तिचे चांगलेच आहेत. साउंडवाल्याच्या पेटीत एक वाय वायर होती, एकाचे दोन करणारी. तिने विचारलं, बुवांच्या माइकमधून एक फाटा मिक्सरला आणि दुसरा मला मिळेल का? तो म्हणाला, “हो जाएगा भिया, कायको नहीं होगा.” इंदूरमध्ये मुलींनाही ‘भिया’ म्हणतात. फाटा काढला, त्याला माझी वायर, आणि वायर रेकॉर्डरला.

पूर्वरंग चालू होता. रेकॉर्डरमध्ये पिन खोचताक्षणी दोन्ही स्पीकरमधून फटाका फुटल्यासारखा आवाज झाला. बुवा दचकून थांबले, मग हसून म्हणाले, “रावणाचं आगमन थोडं लवकर झालं.” त्यानंतर त्यांचा आवाज मांडवात अर्ध्यावर आला, मधूनमधून खरखर. साउंडवाल्याने फेडर, म्हणजे मिक्सरवरची आवाज कमी-जास्त करायची सरकती कळ, वर ढकलून वेळ मारून नेली. रात्री घरी ऐकलं तर डाव्या चॅनेलमध्ये प्रेशर कुकरची शिट्टी होण्याआधी येतो तसला फसफसाट, आणि बुवा पार मागे. उजवा जेमतेम बरा.

मी षष्ठीला सकाळी परतलो. मिक्सरवर धूळ बसू नये म्हणून साउंडवाला त्यावर टॉवेल टाकून ठेवतो. तो उचलला, खाली लाल दिवा चालू: ४८ व्होल्ट, सगळ्या चॅनेलना मिळून एकच खटका.

मुंजीचे पोहे-जलेबी अजून पोटात होते, तरी कपाळावर हात मारून घेतला. मिक्सरला एक मोकळी एक्सएलआर वायर लावली, तिला माझी वायर, आणि बारीक पिनेच्या टोकावर मीटरची लाल सुई, बुंध्यावर काळी. ४७.६. ज्या भोकाची रचना दोन-तीन व्होल्टांसाठी आहे त्यात ही पिन गेली होती.

“पण हा करंट येतो कुठून? वायर तर माइकची आहे,” मामी म्हणाल्या. त्यांना मी सांगितलं की याचं नावच फँटम, म्हणजे भूत. ज्या तारांवरून आवाज येतो त्यांवरूनच ही वीज उलटी माइककडे जाते, आणि पिन २ व ३ वर ती अगदी सारखी असल्याने आवाजात दिसत नाही. ४८ व्होल्टांचं हे भूत आलं १९६६ मध्ये. न्यूमन कंपनीने नॉर्वेच्या सरकारी रेडिओसाठी केएम ८४ हा ट्रान्झिस्टरचा माइक बनवला. त्या रेडिओच्या स्टुडिओंमध्ये वीज गेल्यावर लागणाऱ्या दिव्यांसाठी ४८ व्होल्टांची सोय आधीच होती, तीच माइकला दिली. पुढे तोच आकडा जगाचा झाला. “म्हणजे इन्व्हर्टरची वीज,” मामी म्हणाल्या, आणि तसं पाहिलं तर बरोबरच म्हणाल्या.

आता हिशेब. मिक्सरमध्ये ही वीज पिन २ आणि ३ ला प्रत्येकी ६.८ किलोओहमच्या रोधातून मिळते. त्यामुळे पुष्कळ जण निर्धास्त असतात: रोध आहे, प्रवाह सातेक मिलिॲम्पिअरच्या वर जाणार नाही. खरं आहे, पण अर्धंच. रेकॉर्डरच्या डाव्या-उजव्या तारा मी एकत्र जोडल्या होत्या. ‘प्लग-इन पॉवर’ चालू असती तर आतले दोन रोध मिळून भोकावर नऊएक व्होल्ट झाले असते. मी ती बंद करून गेलो होतो, म्हणजे अडवायला तेवढंही नव्हतं आणि भोकावर येणारा व्होल्टेज त्याहून जास्तच. दोन तास असा मारा. रेकॉर्डरच्या आतला, आवाज पुढे नेणारा कपॅसिटर ६.३ व्होल्टांपर्यंतच सोसणारा निघाला.

आणि तो फटाका? तो रोधांनी अडत नाही. मिक्सरच्या प्रत्येक इनपुटमध्ये ४८ व्होल्टांनी भरून बसलेले कपॅसिटर असतात, आणि ते रोधाच्या पुढच्या बाजूला, म्हणजे सरळ पिनेवर. ३.५ मिमीची पिन भोकात सरकताना तिचं टोक वाटेतल्या प्रत्येक पत्तीला शिवत जातं; मधल्या एका क्षणी ते ग्राउंडलाही टेकतं. त्या क्षणी तो कपॅसिटर एकदम रिकामा होतो. मिलिसेकंदांचा खेळ, पण त्यातला प्रवाह मिलिॲम्पिअरमध्ये मोजायचा नसतो. मिक्सर आणि रेकॉर्डर दोघांनाही तो धक्का बसतो. एक्सएलआरमध्ये तिन्ही पिना आपापल्या भोकात जातात, कोणी कोणाला शिवत नाही. म्हणून ४८ व्होल्ट तिथे नांदतात.

शिवाय माझ्या वायरीत पिन ३ ग्राउंडला जोडलेली. डायनॅमिकसाठी ते ठीक. फँटमवाल्या माइकसाठी म्हणजे त्याच्या जेवणाचा अर्धा डबाच सांडून दिला. बुवांचा आवाज मांडवात अर्ध्यावर आला तो त्यामुळे. मिक्सरमधल्या त्या बाजूच्या रोधावर ४८ व्होल्ट सतत, म्हणजे ०.३४ वॅट, पाव वॅटचा रोध असेल तर तो करपू शकतो. साउंडवाल्याला मिक्सर उघडून पाहू या म्हटलं तर तो टॉवेल परत टाकून मोकळा झाला.

पुतणी रडवेली झाली होती, रेकॉर्डर मैत्रिणीचा. मी तिला स्पष्ट सांगितलं की चूक वायर बनवणाऱ्याची आहे. एका माइकसाठी बनवलेली वायर मी कुठलीही खूण न करता वाड्यात सोडून गेलो, आणि तिच्या एक्सएलआर टोकावर जगातला कुठलाही माइक बसू शकतो.

उरलेल्या तीन रात्रींसाठी दोन रस्ते होते. एक, ४८ व्होल्ट देणारा यूएसबी ऑडिओ इंटरफेस आणून लॅपटॉपवर रेकॉर्ड करायचं. ज्याला वर्षभर हे करायचं आहे त्याने तेच करावं, फोनशी खेळत बसू नये. आमच्याकडे तीन दिवस होते आणि रेकॉर्डरचं भाडं म्हणून एक दुरुस्ती. म्हणून दुसरा रस्ता: माइकला हातच लावायचा नाही, मिक्सरमधून तयार आवाज घ्यायचा.

मिक्सरच्या पाठीला टेप-आउटची लाल-पांढरी आरसीए भोकं होती. घरगुती टेपरेकॉर्डरसाठी दिलेली ती पातळी सुमारे ०.३ व्होल्ट असते. शेजारच्या मुख्य एक्सएलआर आउटपुटवर व्यावसायिक पातळी १.२३ व्होल्ट, जवळजवळ चौपट. पुतणीच्या फोनच्या माइक-भोकात यातलं काहीही घातलं असतं तर फाटून आलं असतं, कारण ते भोक मिलिव्होल्टांची वाट पाहत असतं. रेकॉर्डरचा मेनू ‘लाइन’वर आणला. मध्ये गाडीच्या टेपला लावतात तो आयसोलेटर घातला, गाड्यांच्या सामानाच्या दुकानात मिळतो तो. आत दोन छोटे ट्रान्सफॉर्मर. ट्रान्सफॉर्मरमधून आवाज पार होतो, सरळ वीज होत नाही, आणि मिक्सर व रेकॉर्डर यांचं ग्राउंडही एकमेकांपासून सुटतं. पुतणीने हौसेने मधूनच रेकॉर्डर लॅपटॉपवरून चार्ज करून पाहिला तेव्हा आयसोलेटर काढलेला असताना ५० हर्ट्झची घूं ऐकू आली, लावल्यावर गेली. स्वस्तातल्या ट्रान्सफॉर्मरचा दोष असा की डग्ग्याचा खालचा घुमारा थोडा पातळ होतो. तबलजीला कळलं, बाकी कुणाला नाही.

जोडण्याची रीतही ठरवली आणि पुतणीकडून दोनदा करून घेतली. फेडर खाली. ४८ चा खटका बंद, पंधरा सेकंद थांबायचं, कारण कपॅसिटर लगेच रिकामे होत नाहीत. वायरी लावायच्या, पण शेवटची बारीक पिन हातात धरायची. मग खटका चालू, आणि मीटर सरळ विजेच्या २० व्होल्टच्या पट्टीवर ठेवून आधी पिनेचं टोक आणि बुंधा, मग मधली कडी आणि बुंधा मोजायचं. दोन्हीकडे शून्य, फार तर काही मिलिव्होल्ट, तरच पुढे. खटका परत बंद, पिन आत, खटका चालू, फेडर वर. दीड मिनिट लागतं. तिसऱ्या वेळी तिने मला न विचारता केलं.

पातळी ठरवायला बुवांना गायला सांगून उपयोग नसतो. तपासणीच्या वेळी सगळेच हळू गातात. झांजवाल्याला गजरात वाजवतो तशी वाजवायला सांगितली आणि काटा उणे १२ डेसिबलवर थांबेल असं केलं. ते वरचे १२ कामाला आले, कारण या मिक्सरवर टेप-आउटचा आवाज मुख्य फेडरमधून जाऊनच बाहेर येत होता आणि साउंडवाला आख्यानात रंगात आला की फेडर वर सरकवायचा.

एक उणीव राहिलीच. चौकात पेटी तशीच मोठी ऐकू येते म्हणून साउंडवाला ती माइकमध्ये नावालाच घेतो. त्यामुळे टेप-आउटमध्ये बुवा समोर आणि पेटी शेजारच्या गल्लीत. मग पुतणीचा फोन मागच्या खांबाला बांधला, कुठलीही वायर नाही, त्याचा त्याचा माइक. पाडव्याला तो वायरीने जे देऊ शकला नाही ते आता फुकट देत होता: लोकांचा गजर, पेटी, चौकाचा घुमारा. खांब बुवांपासून दहाएक मीटरवर, आवाज सेकंदाला ३४३ मीटर, म्हणून फोनचा आवाज २९ मिलिसेकंद उशिरा. दोन्ही फाइली शेजारी ठेवून झांजेच्या पहिल्या ठोक्यावर फोनची फाइल तेवढी मागे ओढली की पेटी बुवांच्या शेजारी येऊन बसते.

नवमीला दुपारी बाराला जन्म झाला, पाळणा झाला, सुंठवडा वाटला. बुवा निघताना पुतणीला म्हणाले, “पंचमीचं आख्यान तेवढं गेलं ना?” ती म्हणाली, “हो आजोबा, तेवढं गेलं.” बुवा पुन्हा खुर्चीत बसले, मांडवातली माणसं पांगत होती, साउंडवाला वायरी गुंडाळायला लागला होता. त्याला थांबवलं. पेटीवाला रिक्षात चढला होता, त्याला उतरवलं. पुतणीने फेडर खाली केले, खटका बंद केला, आणि मी आपला मीटर शोधत होतो तर तो तिच्या हातात होता.

रेकॉर्डरमध्ये महाराणी रोडवरून आणलेले दोन कपॅसिटर घातले, मैत्रिणीला परत केला, काय झालं होतं ते सांगून. माझी ती वायर आता मामांच्या माइकच्या मानेलाच चिकटपट्टीने बांधून टाकली आहे, सुटी निघत नाही.